थिनरचा वास

पेताह तिक्वाच्या कारखान्यांच्या भागात, एका टायरवाल्याच्या पाठीमागे अव्नेरचा मुसाख होता. मुसाख म्हणजे मोटारींचं गॅरेज. पुढे उजेड, रेडिओ, कॉफीची किटली आणि गिऱ्हाइकांची ये-जा. मागे एक लांबट, बिनखिडकीची खोली. त्या खोलीत नेहेमिया घोसाळकर गाड्या रंगवत असे. वर्षानुवर्षांच्या फवाऱ्याचे थर भिंतींवर असे चढले होते की मूळची भिंत कसल्या रंगाची होती हे अव्नेरलासुद्धा सांगता आलं नसतं. हवा बाहेर फेकायला एक पंखा होता. तो चालू असला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे आणि बंद असला की डोळे चुरचुरत.

नेहेमिया बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. त्याचं आडनाव रोह्याजवळच्या गावावरून आलेलं, पण तो वाढला भायखळ्याला. मॅट्रिकला नापास झाला तेव्हा मामाने त्याला एका मोटार वर्कशॉपात चिकटवून दिलं. तिथल्या फोरमनने त्याला सगळ्यात आधी रंगवायला शिकवलं नाही, रंगाचा फवारा मारायची गन धुवायला शिकवलं. विशेषतः प्रायमर मारल्यावर. प्रायमर म्हणजे खऱ्या रंगाच्या आधीचा राखाडी हात. तो दाट असतो, आणि त्यात घट्ट होण्याचं औषध मिसळलेलं असलं तर पत्र्यावर जसा तो वाळतो तसाच गनच्या पोटातही वाळतो. एकदा आत बसला की दगड. मग नोझल फेकून द्यायचं. म्हणून हात झाला की आधी गन, मग चहा, ही फोरमनची शिस्त नेहेमियाच्या अंगात अशी मुरली की पुढे देश बदलला तरी ती गेली नाही.

देश बदलला तो लग्नाच्या वर्षीच. नेहेमिया आणि त्याची बायको मझल इस्रायलला विमानातून उतरले तेव्हा त्यांना वाटलं होतं तेल अविवच्या आसपास कुठे घर मिळेल. बसने त्यांना दक्षिणेला किर्यात मलाखीला नेऊन सोडलं. चारी बाजूंनी रेताड जमीन, मध्ये एकसारख्या इमारती, आणि जिन्यात आपल्यासारखीच मराठी बोलणारी चार-सहा घरं. नेहेमिया कापडाच्या कारखान्यात लागला. तो कारखाना बंद पडला तेव्हा मझलच्या एका नातेवाइकाने अव्नेरचं नाव सांगितलं. दुसरं काही मिळेपर्यंत करू, असं म्हणून नेहेमिया मझलला घेऊन पेताह तिक्वाला राहायला आला. दुसरं काही मिळालं नाही. मुलगी झाली, तिचं नाव शानी ठेवलं. ती शाळेत गेली, घरात हिब्रूत उत्तरं द्यायला लागली, आणि नेहेमिया त्या मागच्या खोलीतच राहिला.

चाळिशी उलटली तशी छाती बोलायला लागली. सकाळी उठला की खोकल्याची उबळ यायची. कुपत खोलिमच्या, म्हणजे सरकारमान्य आरोग्यसेवेच्या दवाखान्यात डॉक्टरणीने पाठीला नळी लावली आणि विचारलं, "काम बदलता येईल का?"

ती हे इतक्या सहज म्हणाली की नेहेमियाला हसू आलं. पण त्याने प्रयत्न केला. नगरपालिकेच्या बागखात्यात जाऊन आला. तिथल्या माणसाने वय विचारलं आणि पत्ता लिहून घेतला. मग त्याने अव्नेरला विचारलं, मला पुढे पॉलिशच्या कामावर घेतोस का? अव्नेर वाईट माणूस नव्हता. नेहेमियाच्या मुलीच्या बाराव्या वाढदिवसाला तो बायकोला घेऊन आला होता. पण तो धंदेवाला होता. त्याने नेहेमियाचा हात धरला आणि त्याला दाराशी नेलं. त्या वर्षी रशियातून ज्यू लोकांचे लोंढे येत होते. समोरच्या रस्त्यावर सूट घातलेला एक म्हातारा माणूस झाडू मारत होता.

"तो इंजिनिअर आहे," अव्नेर म्हणाला. "परवा माझ्याकडे आला होता. काहीही द्या म्हणाला. नेहेमिया, तुला आतलं काम आहे ना? मग देवाचे आभार मान."

नेहेमिया आत गेला आणि पंखा लावला.

त्यानंतरच्या जानेवारीत आखाताचं युद्ध सुरू झालं. इराकची क्षेपणास्त्रं तेल अविवच्या अवतीभवती पडायला लागली. त्यात विषारी वायू असेल या भीतीने सरकारने प्रत्येकाला पुठ्ठ्याच्या खोक्यात एकेक मास्क दिला आणि घरातली एक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावून हवाबंद करायला सांगितली. खेदेर अतूम, बंद खोली, हा शब्द त्या महिन्यात पोरासोरांच्या तोंडी झाला. आणि पट्टी सरळ लावणं हे तर नेहेमियाचं रोजचं काम. रंगवायच्या आधी गाडीच्या काचा, रबर, दिवे तो कागदाने आणि पट्टीने झाकायचा, धुळीचा कण आत जाऊ द्यायचा नाही. त्याने स्वतःची खोली केली तशी जिन्यातल्या शेजाऱ्यांचीही करून दिली. गॅरेजमध्ये अव्नेरच्या छोट्या ऑफिसची एकुलती एक खिडकी त्याने अशी बंद केली की अव्नेर बोट फिरवून म्हणाला, "यातून मुंगी जाणार नाही."

कामाला मात्र खंड नव्हता. उलट ज्या गाड्यांवर काचा, विटा, गॅलरीचे तुकडे पडले होते त्या सगळ्या येत होत्या. पत्रा ठोकणारा कारागीर गाझाचा होता. तिकडे संचारबंदी लागली आणि त्याचं येणं थांबलं. मग ठोकणं, घासणं, पोचांत लांबी भरणं, प्रायमर, रंग, सगळं नेहेमियाच्याच गळ्यात पडलं.

मझलला घरी एकटं राहवेना. शानी सैन्यात होती, दक्षिणेला कुठेतरी छावणीत. भोंगा वाजला की मझल त्या प्लास्टिक लावलेल्या खोलीत एकटी बसायची आणि मास्क चढवला की तिचा गळा आवळल्यासारखा व्हायचा. दोनदा असं झाल्यावर ती दुपारी डबा आणि खोकं घेऊन गॅरेजमध्येच यायला लागली. अव्नेरच्या ऑफिसात एका खुर्चीवर बसून वीणकाम करायची. अव्नेरची हरकत नव्हती. त्यालाही कोणीतरी जवळ असलेलं बरं वाटत असावं.

त्या दिवशी नेहेमियाने एका पांढऱ्या गाडीचे दोन दरवाजे आणि बॉनेट आकड्यांना टांगून प्रायमर मारला. शेवटचा हात संपवून त्याने मागे सरून तिरक्या नजरेने बघितलं. कुठे ओघळ नव्हता. बाहेर अंधारून यायला लागलं होतं. त्याने पंखा बंद केला, हवेची नळी काढली, गनच्या कपात उरलेला प्रायमर रिकाम्या डब्यात ओतला, आणि थिनरच्या डब्याचं झाकण उघडलं तोच भोंगा सुरू झाला. वर चढणारा, खाली उतरणारा तो आवाज.

"नेहेमिया, ये!" अव्नेर ऑफिसच्या दारातून ओरडला. "सोड ते सगळं!"

नेहेमियाने सोडलं नाही. एका हातात गन, दुसऱ्या हातात थिनरचा डबा, काखेत ब्रश आणि चिंध्या, असा तो ऑफिसात शिरला. अव्नेरने दार लावलं, फटीवर पट्टी दाबली, खाली ओला टॉवेल सारला आणि रेडिओ लावला. मझल खुर्चीत होती, मास्कचं खोकं मांडीवर उघडलेलं.

"अहो, ती गन कशाला आणलीत?" ती म्हणाली. "बाहेर ठेवा की. तिला काय गॅस लागणार आहे?"

"प्रायमर बसेल आत. पाच मिनिटांचं काम आहे. तू आधी मास्क घाल."

"घालते."

"घालते नको. घाल."

तिघांनी मास्क चढवले. काळं रबर, दोन गोल काचा, पुढे डब्यासारखी गाळणी. अव्नेर टेबलामागे बसला, रेडिओला कान लावून. मझलने खुर्ची वळवून तोंड भिंतीकडे केलं. नेहेमिया दिव्याखाली जमिनीवर मांडी घालून बसला, तिच्याकडे पाठ करून, आणि त्याने वर्तमानपत्रावर गन उघडली.

आधी त्याने कपात थिनर ओतून हलवलं, ते राखाडी पाणी डब्यात टाकलं, आणि पुन्हा ओतलं. पुढची हवेची टोपी फिरवून काढली. सुई मागून ओढली, चिंधीने पुसली. नोझल सोडवून ब्रशने आतून घासलं. टोपीच्या बारीक भोकांत तार कधी घालायची नाही, भोक मोठं होतं; त्यासाठी त्याच्या खिशात दात कोरायच्या काड्या असायच्या. एकेक भोक कोरून तो टोपी दिव्यापुढे धरायचा. मास्कच्या काचांतून नीट दिसत नव्हतं, म्हणून वेळ लागत होता. पण खरं सांगायचं तर त्याला घाईही नव्हती. भोंगा थांबला होता, कुठेतरी दूर काहीतरी दणका बसला होता, रेडिओवरचा माणूस बंद खोलीतच थांबा म्हणून पुन्हा पुन्हा सांगत होता. हातांना काम होतं तोवर बरं होतं. हात थांबले असते तर शानी आठवली असती.

प्रायमर थोडा बसलाच होता. त्याने आणखी थिनर ओतलं. चिंध्या भिजल्या, कागद भिजला. रोज तो हे काम पंख्याखाली करायचा, आणि वास फार झाला की नाकच त्याला उठवायचं. त्या दिवशी नाक रबराच्या आत होतं. त्याला आतल्या रबराचा आणि स्वतःच्या श्वासाचा वास येत होता, बाकी काही नाही.

पाठीमागे काहीतरी आपटलं. विणायच्या सुया जमिनीवर घरंगळत आल्या.

नेहेमियाने वळून बघितलं. मझलचं डोकं कपाटाला टेकलं होतं. मास्क हनुवटीखाली लोंबत होता. भोंगा थांबल्याबरोबर तिने तो गुपचूप खाली ओढला असणार, आणि नवरा ओरडेल म्हणून भिंतीकडे तोंड करून बसली असणार. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मझल," तो म्हणाला. मास्कमधून त्याचा आवाज घोगरा निघाला. "मझल, काय होतंय?"

"डोकं..." ती म्हणाली. "माझं डोकं कुठं जातंय..."

अव्नेर उठून उभा राहिला. "गॅस," तो म्हणाला. "गॅस आत आलाय. बघ, तिचा मास्क निघालाय. आत आला गॅस!" तो खोक्यात हात घालून काहीतरी शोधायला लागला. प्रत्येक खोक्यात वायूवर उतारा म्हणून एक सुई दिली होती, मांडीत दाबायची. ती हातात घेऊन तो टेबलाला वळसा घालून आला. "पाय धर तिचा. धर, नेहेमिया!"

नेहेमियाने अव्नेरचं मनगट पकडलं. त्याच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम आल्या. वायू असेल, तर अव्नेर म्हणतो ते खरं आणि उशीर करून चालणार नाही. आणि वायू नसेल, तर जमिनीवर उघडा डबा आहे, भिजलेल्या चिंध्या आहेत, आणि ते सगळं त्यानेच आत आणलं आहे. यातलं काय खरं हे कळायला एकच उपाय होता. अव्नेरचं मनगट त्याने सोडलं नाही. दुसऱ्या हाताने हनुवटीखाली बोटं घालून त्याने मास्क वर उपटला, आणि श्वास घेतला.

थिनर. इतका दाट की नाकातून थेट डोक्यात गेला. तो वास ओळखण्यात तो कधी चुकला नसता.

"गॅस नाही," तो म्हणाला. "माझं थिनर आहे."

"तुला काय माहीत? तू डॉक्टर आहेस?"

"अव्नेर, थिनर आहे. सुई ठेव. दार उघडायचंय."

"दार उघडणार नाही! रेडिओ ऐक. दार कोणी उघडणार नाही!"

नेहेमिया दाराशी गेला. त्याने स्वतः शिकवलं होतं तशीच पट्टी अव्नेरने दाबून बसवली होती, ती निघेना. नखाने टोक सापडेना. शेवटी त्याने कडीलाच हिसका दिला आणि पट्टी दाराबरोबर फाटत गेली. त्याने मझलला काखेत धरून उभं केलं. ती जड झाली होती, पाय ओढत होती. ते दोघे बाहेर पडले आणि मागे दार बंद झालं. आत अव्नेर नवी पट्टी ओढत असल्याचा चर्र आवाज आला.

मागच्या अंगणात गार वारा होता. नेहेमियाने तिला जुन्या टायरांच्या ढिगावर बसवलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. रस्त्यावर एक माणूस नव्हता. सगळ्या खिडक्यांना आतून प्लास्टिक. पश्चिमेला आकाश अजून थोडं तांबूस होतं, आणि तिकडून काय येईल याचा नेम नव्हता. दोघांच्याही तोंडावर मास्क नव्हता. मझल ओकली, मग पुन्हा ओकली. मग तिने पदरासारखी शाल ओढून तोंड पुसलं आणि मोठा श्वास घेतला.

"तुला वास आला नाही?" नेहेमियाने विचारलं. "एवढा वास. मास्क काढला होतास, तर बोलायचं नाही? शिव्या घातल्या असत्या मी, घातल्या असत्या. पण बोलायचं."

"आला की वास."

"मग?"

"तुमचाच वास आहे तो," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही घरी येता तो घेऊनच येता. उशीला आहे, कपाटात आहे. मला वाटलं, तुम्ही जवळ बसलात म्हणून येतोय. मला तेवढंच बरं वाटलं."

तो तिच्या शेजारी टायरवर बसला. आत ऑफिसात रेडिओ चालू होता, पण शब्द कळत नव्हते. सगळं ठीक असल्याची सूचना होऊन अव्नेर दार उघडेपर्यंत ते दोघे तसेच उघड्यावर बसून राहिले. त्याला भीती वाटत होती, पण आत जावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहेमिया कामाचे कपडे न घालता गॅरेजमध्ये गेला. मझलला त्याने सांगितलं होतं, सोडून येतो. अव्नेर टेबलामागे बसला होता. रात्रभर झोपला नसावा.

"तू आमचा जीव घालवला असतास," अव्नेर म्हणाला.

"हो," नेहेमिया म्हणाला. "चूक माझी आहे. मी काम सोडतोय."

अव्नेरने नकारार्थी मान हलवली. मग त्याने खिडकीकडे हात केला. अंगणात गाड्या उभ्या होत्या, काही तर रस्त्यावर. "यांना काय सांगू? पत्रेवाला अडकलाय तिकडे. तू गेलास तर मी कुलूप लावतो. पेसाखपर्यंत थांब. पेसाखनंतर बघू. आणि जाणार कुठे आहेस, तेही सांग."

पेसाखचा सण दोन महिन्यांवर होता. नेहेमियाने घरून निघताना जे पाठ केलं होतं ते सगळं संपलं होतं. तो उभा राहिला, खिडकीवरच्या स्वतःच्या सरळ पट्ट्यांकडे बघत. मग म्हणाला, "गन मी यापुढे आत धुणार नाही. बाहेर अंगणात धुवीन."

"गिऱ्हाइकं बघतील."

"बघू देत. पावसाला पत्रा टाकून घेईन मी."

"बरं," अव्नेर म्हणाला.

नेहेमिया आत जाऊन कपडे बदलून आला. काल टांगलेल्या बॉनेटवर वाळायच्या आत धूळ बसली होती. त्याने ते पुन्हा घासायला घेतलं.

युद्ध संपलं, पेसाख आला आणि गेला. पत्रेवाला परत आला. नेहेमिया राहिला. संध्याकाळी तो अंगणात पत्र्याखाली गन उघडून बसायचा, वारा असेल त्या बाजूला तोंड करून. आतल्या खोलीत मात्र दिवसभर तोच फवारा, तोच पंखा. खोकला वाढला तेव्हा डॉक्टरणीने नाकातोंडात मारायचा फवारा दिला, आणि तो खिशात ठेवून नेहेमिया गाड्यांवर दुसरा फवारा मारत राहिला.

शानी सुटीवर घरी आली तेव्हा मझलने तिला ती गोष्ट सांगितली. शानीने बंदूक सोफ्यावर ठेवली आणि बापासमोर येऊन बसली.

"आबा, मग सोडत का नाहीस?" तिने हिब्रूत विचारलं. "उद्या सोड. एवढं काय त्यात?"

"सोडून काय करू?" त्याने मराठीत विचारलं.

"काहीही. लोक करतातच ना काहीतरी."

"तुझी आई पण काल हेच म्हणाली. बागखात्यात जाऊन आलो होतो मी, माहीत आहे? सुपरवायझर म्हणाला, कळवतो. अजून कळवतोय." तो हसायला गेला आणि खोकला आला. शानी उठून पाणी घेऊन आली. ग्लास त्याच्या हातात देऊन ती उभीच राहिली. मग तिने विचारलं, जेवलास का? तो म्हणाला, हो. त्या विषयावर दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत.

शेवटी कामानेच त्याला सोडलं. दोन हजार सालानंतर त्या भागात गॅरेजं पाडून काचेच्या उंच इमारती उठायला लागल्या, कॉम्प्युटर कंपन्यांसाठी. अव्नेरने जागा विकली आणि तो मुलाकडे राहायला गेला. तोवर प्रत्येक इमारतीच्या दाराशी, बाँबच्या भीतीने, पिशव्या तपासणारा एक माणूस लागायला लागला होता. एका एजन्सीने नेहेमियाला त्या कामावर घेतलं. वय झालेले, निमूट उभे राहणारे लोक त्यांना हवेच होते.

त्याची इमारत जुन्या गॅरेजपासून दोन रस्ते पलीकडे होती. सकाळी तरुण मुलंमुली बसमधून उतरून येत, पाठीवरच्या पिशव्या उघडून दाखवत, आणि त्याच्याकडे न बघता आत जात. आत थंडगार हवा होती, उघडता न येणाऱ्या मोठमोठ्या काचा होत्या. एजन्सीच्या बाईने, तिचं नाव गेउला, पहिल्याच आठवड्यात त्याला सांगितलं की उन्हाळ्यात दाराच्या आत बसलात तरी चालेल, तुमच्यासाठी तिथे खुर्ची ठेवली आहे.

"मी बाहेर उभा राहतो," नेहेमिया म्हणाला.

"ऊन आहे हो बाहेर. हिवाळ्यात पाऊस असतो."

"चालेल."

गेउलाने खांदे उडवले आणि खुर्ची दुसऱ्या कोणाला तरी दिली. नेहेमिया पायरीवर, छज्ज्याच्या पुढे उभा राहिला. एक मुलगा घाईघाईत आला, पिशवी उघडून धरली. नेहेमियाने आत बघितलं, डबा, पाण्याची बाटली, स्वेटर. त्याने हाताने जा म्हणून खूण केली आणि पुढच्या माणसाकडे वळला.